इशिउची मियाको यांची फोटोबुकं जमवायची असतील तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: इशिउची मियाको या जपानी छायाचित्रकार बाईंचं काम तुम्ही एका कॅटलॉगमध्ये पाहिलं, ते मनातून जात नाही, आणि आता त्यांची फोटोबुकं, म्हणजे फोटोंचीच पुस्तकं, जमवायची आहेत. जुन्या पुस्तकांच्या किमती पाहून मात्र तुमचे हात थांबलेत. पहिल्याच आवृत्त्या घ्याव्यात का, नंतरची पुस्तकं चालतील का, आणि मुळात सुरुवात कुठून करावी, हे तुम्हाला ठरवायचं आहे. मी बरीच वर्षं फोटोबुकांची खरेदी-विक्री आणि दुरुस्ती करतो. जपानी पुस्तकं त्यातला माझा सर्वात आवडता भाग, आणि इशिउचींची पुस्तकं त्यातही वरच्या फळीवर. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी थेट उत्तर. १९७८ च्या ‘अपार्टमेंट’ या त्यांच्या पहिल्या पुस्तकामागे सुरुवातीलाच लागू नका. ते दुर्मीळ आहे, महाग आहे, आणि या बाई कशासाठी फोटो काढतात हे एकट्या त्या पुस्तकावरून कळत नाही. पहिली दोन पुस्तकं त्यांच्या उत्तरार्धातली घ्या: आईच्या वस्तूंचं ‘मदर्स २०००–२००५’ आणि २००८ चं ‘हिरोशिमा’. सोबत संपूर्ण कारकीर्द समजावून सांगणारा एखादा संग्रहालयाचा कॅटलॉग. या तिघांवरून नजर तयार झाली की मागे, योकोसुका या त्यांच्या लहानपणच्या गावावरच्या सुरुवातीच्या कामाकडे जा. असा उलटा प्रवास का सुचवतोय, ते त्यांचं आयुष्य पाहिलं की पटेल.

त्याआधी जपानात पुस्तकाला एवढं वजन का, ते सांगायला हवं. १९७० च्या दशकापर्यंत तिथे फोटोचा प्रिंट विकत घेणारं जवळपास कुणी नव्हतं. देशातली फोटोंची पहिली व्यावसायिक गॅलरी, टोकियोतलं झाइट-फोटो सालोन, निघालं तेच १९७८ मध्ये. फोटोंना वाहिलेली मोठी सार्वजनिक संग्रहालयं तर त्याहून उशिरा, १९९० च्या सुमारास आली. त्यामुळे छायाचित्रकार आपलं काम मासिकात आणि पुस्तकात पुरं करत. पानांचा क्रम, कागद, शाई, काळ्या रंगाची खोली, हे सगळं ठरवून केलेलं असे. छापखान्यात दिलेला प्रिंट नंतर जपला गेलाच असं नाही. पुस्तक मात्र राहिलं. म्हणून त्या काळातलं जपानी फोटोबुक हातात घेता तेव्हा तुमच्या हातात मूळ कलाकृती असते.

इशिउचींचा जन्म १९४७ चा, गुन्मा प्रांतातल्या किर्यूचा. किर्यू हे तिथलं रेशमी कापडाचं गाव. त्या सहा वर्षांच्या असताना कुटुंब योकोसुकाला आलं आणि वयाच्या एकोणिसाव्या वर्षापर्यंत त्या तिथेच वाढल्या. योकोसुका म्हणजे टोकियोच्या आखाताच्या तोंडावरचं नौदलाचं बंदर. युद्धानंतर अमेरिकी आरमाराचा तळ तिथे बसला तो आजही आहे. तळाबाहेरच्या दोबुइता नावाच्या रस्त्यावर खलाशांसाठी बार, कॅबरे, शिंप्यांची दुकानं. मुलींनी तिकडे फिरकू नये असा तो भाग. चौघांचं कुटुंब एका लहानशा खोलीत राहत असे.

तामा आर्ट युनिव्हर्सिटीत त्या आधी डिझाइन आणि मग विणकाम शिकल्या, आणि १९७० मध्ये पदवी न घेताच बाहेर पडल्या. फोटोग्राफीचं रीतसर शिक्षण नाहीच. ओळखीच्या लोकांनी डार्करूमचं, म्हणजे अंधाऱ्या खोलीत फोटो धुण्याचं, सामान त्यांच्याकडे ठेवलं होतं, ते हाताळता हाताळता १९७५ च्या सुमारास सुरुवात झाली. त्याच वर्षी एका गटप्रदर्शनात काम लावताना त्यांनी आईचं माहेरचं नाव घेतलं. इशिउची मियाको हे ते नाव. पुढे पंचवीस वर्षांनी त्याच आईच्या वस्तू त्यांच्या कॅमेऱ्यासमोर येणार होत्या.

विणकामाचं शिक्षण इथे फार महत्त्वाचं आहे, आणि चरित्र सांगताना ते बहुतेक जण एका ओळीत उरकतात. धागा रंगवणं म्हणजे रसायन, पाणी, वेळ आणि हाताचा अंदाज. डार्करूममधलं कामही तेच. इशिउचींनी स्वतः अनेकदा सांगितलंय की फोटो काढण्यापेक्षा तो अंधारात कागदावर उमटवणं त्यांना जास्त जवळचं वाटत आलं. ३५ मिलिमीटरची फिल्म, हातात धरलेला कॅमेरा, आणि फोटो मोठा केल्यावर फुटून वर येणारा दाणा, म्हणजे फिल्मचा ठिपक्याठिपक्यांचा पोत. त्यांच्या सुरुवातीच्या प्रिंटमध्ये हा दाणा कापडाच्या पोतासारखा दिसतो. ‘प्रोव्होक’ मासिकाच्या १९६८–६९ च्या तीन अंकांनी खरबरीत, हललेल्या, अस्पष्ट फोटोंची जी लाट आणली, तिच्यातच इशिउचींना बसवायची टीकाकारांना सवय आहे. मला ते पटत नाही. त्या लाटेतल्या पुरुषांचा दाणा वेगातून, चालत्या माणसाच्या नजरेतून येतो. इशिउचींचा कॅमेरा थांबलेला असतो, भिंतीसमोर बराच वेळ उभा असतो, आणि दाणा येतो तो भिंतीच्या पापुद्र्यातून.

१९७६ मध्ये त्यांनी योकोहामात ‘ह्याक्का र्योरान’ हे गटप्रदर्शन भरवलं. सगळ्या छायाचित्रकार स्त्रिया, आणि फोटोंचा विषय पुरुष. त्या वेळच्या जपानी फोटोग्राफीत स्त्री बहुतेक वेळा कॅमेऱ्यासमोरच असायची, हे ध्यानात घेतलं तर या कल्पनेचं धाडस कळतं. पुढच्या वर्षी टोकियोच्या गिंझा भागातल्या निकॉन सालोनमध्ये ‘योकोसुका स्टोरी’ लागलं. नाव घेतलं होतं यामागुची मोमोए या गायिकेच्या १९७६ च्या गाजलेल्या गाण्यावरून. ती गायिकाही योकोसुकात वाढलेली. मुलीच्या लग्नासाठी वडिलांनी बाजूला ठेवलेले पैसे या कामात गेले.

योकोसुकाचे फोटो आधीही निघाले होते. तोमात्सु शोमेइ आणि मोरियामा दाइदो या नामवंत छायाचित्रकारांनी ते काढले. त्यांच्या फोटोंत खलाशी आहेत, बाया आहेत, रात्रीची गर्दी आहे. इशिउचींच्या फोटोंत माणसं फार कमी. रिकामे चढ, कुंपणं, घरांच्या मागच्या बाजू, आकाशाचा करडा तुकडा. बाहेरचा माणूस पाहायला येतो ते त्यांनी सोडून दिलं आणि लहानपणी ज्या कोपऱ्यांची भीती वाटायची तिथे जाऊन उभ्या राहिल्या. तळाचं नाव न घेता तळाची सावली दाखवणं त्यांना जमलं आहे.

मग तीन पुस्तकं लागोपाठ आली. १९७८ चं ‘अपार्टमेंट’ आणि १९७९ चं ‘योकोसुका स्टोरी’, दोन्ही शाशिन त्सुशिन्शाची. आणि १९८१ चं ‘एंडलेस नाइट’, असाही सोनोरामाचं. ‘अपार्टमेंट’मध्ये युद्धानंतर घाईघाईने उभ्या राहिलेल्या, आता मोडकळीला आलेल्या भाड्याच्या इमारती आहेत: सामायिक जिने, सुटलेला रंग, दारांवरचे हातांचे डाग. या पुस्तकासाठी त्यांना १९७९ मध्ये असाही शिंबुनचा किमुरा इहेई पुरस्कार मिळाला. जपानी फोटोग्राफीतला हा सर्वात मानाचा पुरस्कार १९७५ मध्ये सुरू झाला होता, आणि तो मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. दुसऱ्या स्त्रीला तो मिळायला दहाएक वर्षं लागली, हे मला आजही खटकतं.

‘एंडलेस नाइट’ याच कामातून निघालं. अपार्टमेंटचे फोटो काढत हिंडताना काही इमारतींची घडण वेगळी वाटली: नक्षीच्या खिडक्या, फरशीचे खांब, नको तिथे सजावट. त्या एकेकाळच्या वेश्यावस्तीतल्या इमारती होत्या. वेश्याव्यवसायाविरुद्धचा कायदा १९५८ मध्ये पूर्ण अमलात आल्यावर कुठे त्यांची लॉजं झाली, कुठे भाड्याच्या खोल्या. इशिउची गावोगाव अशा इमारती शोधत गेल्या. या त्रयीतलं मला सर्वात जड वाटणारं पुस्तक हेच. आत राहिलेल्या बायकांचा एकही फोटो नाही, आणि तरी पान उलटताना त्यांचा विचार सुटत नाही. खरेदी करताना मात्र इथे सावध राहा: याच नावाचं एक पुस्तक २००१ मध्येही निघालं आहे. विक्रेत्याच्या यादीत नुसतं नाव दिसलं तर वर्ष विचारल्याशिवाय पैसे पाठवू नका.

मूळ त्रयी परवडत नसेल तर या काळापर्यंत पोचायच्या इतर वाटा आहेत. अँड्र्यू रॉथ यांच्या पीपीपी एडिशन्सने न्यूयॉर्कहून २०१० मध्ये काढलेलं ‘स्वीट होम योकोसुका १९७६–१९८०’ आहे. पण तेही आता स्वस्त नाही. सोक्यूशाने १९९८ मध्ये काढलेलं ‘योकोसुका अगेन १९८०–१९९०’ तुलनेने कमी चर्चेत असतं आणि फार चांगलं आहे. सोक्यूशा म्हणजे टोकियोच्या शिंजुकू भागातलं छोटं प्रकाशन, सोबत दुकान आणि गॅलरी. ते मोजक्या प्रती काढतात, पण छपाईवर जीव लावून काम करतात. त्यांचं नाव दिसलं की मी ते पुस्तक न उघडता बाजूला ठेवत नाही.

१९८० च्या दशकात त्यांच्या कामात एक वळण आलं. चाळिशी आली तेव्हा त्यांनी आपल्याच वर्षी जन्मलेल्या स्त्रिया शोधल्या आणि पन्नास जणींच्या हातापायांचे अगदी जवळून फोटो काढले. पुस्तकाचं नाव ‘१·९·४·७’, साल १९९०. चेहरे नाहीत. भेगा पडलेल्या टाचा, नखं, बोटांच्या पेरांवरच्या सुरकुत्या, कुणाच्या हातावर कामाचा घट्टा. चाळीस वर्षं जगलेल्या शरीराचा हा हिशेब आहे आणि त्यात दया नाही, कौतुकही नाही. हे पुस्तक पाहिल्यावर ‘अपार्टमेंट’च्या भिंती पुन्हा पाहा. तो सोललेला रंग आणि ही टाचेची कातडी यांच्याकडे पाहणारी नजर एकच आहे. मी तुम्हाला मागून पुढे येण्याऐवजी पुढून मागे जायला सांगतोय ते यासाठी: शरीराचे फोटो आधी पाहिले की इमारतींचे फोटो वास्तुशास्त्राचे राहत नाहीत.

यानंतर कवयित्री इतो हिरोमी यांच्या शरीराचं ‘हिरोमी १९५५’ आलं, पुरुषांच्या शरीरांवरचं काम झालं, आणि मग व्रणांची दीर्घ मालिका. शस्त्रक्रियेचे, भाजल्याचे, अपघाताचे व्रण. स्त्रियांच्या व्रणांचं ‘इनोसन्स’ हे आकाआका प्रकाशनाचं पुस्तक २००७ चं. ते सहज मिळतं आणि चांगल्या अवस्थेतही मिळतं, कारण ते घेऊन पुन्हा पुन्हा उघडणं सगळ्यांना झेपत नाही. दरम्यान १९९६ ते २००० या काळात छायाचित्रकार नाराहाशी आसाको यांच्यासोबत त्यांनी ‘मेन’ नावाचं छोटं मासिक चालवलं. दहा अंक निघाले. सुटे अंक अधूनमधून विक्रीला येतात. दोन स्त्रियांनी स्वतःच्या खर्चाने, कुणाची परवानगी न मागता चालवलेला हा उद्योग संग्रहात असावा असं मला मनापासून वाटतं.

आता ‘मदर्स’. इशिउचींची आई १९१६ मध्ये जन्मली. अठराव्या वर्षी तिने गाडी चालवायचा परवाना काढला आणि पुढे ट्रकही चालवला. त्या काळच्या जपानात अशा बायका विरळ. पहिला नवरा युद्धात गेला असं कळवण्यात आलं. ती दुसऱ्या पुरुषासोबत राहू लागली, ही लेक पोटात होती, आणि पहिला नवरा जिवंत परतला. तिने घटस्फोट घेतला आणि नवं घर उभं केलं. मायलेकींचं फारसं जमत नव्हतं. २००० मध्ये इशिउचींनी आईच्या शरीराचे फोटो काढायला सुरुवात केली, त्यात उकळत्या तेलाने भाजल्याचा जुना व्रणही आला. कुठे तरी बोलणं सुरू होतंय असं वाटत असतानाच त्या वर्षाच्या अखेरीला आई गेली.

मागे राहिलेल्या वस्तूंचं काय करायचं हा प्रश्न प्रत्येक घरात येतो. साडी, चष्मा, कवळी, कंगवा. कुणी वाटून टाकतं, कुणी कपाटात बंद करतं. इशिउचींनी फोटो काढले. आतले झिरझिरीत कपडे त्यांनी खिडकीच्या काचेवर लावले आणि मागून दिवसाचा उजेड येऊ दिला. कापड अंगाच्या आकारासारखं दिसू लागलं. केसांचा टोप, केस अडकलेला कंगवा, कवळी, झिजलेल्या लिपस्टिक. लिपस्टिकचा लाल कृष्णधवल फिल्मवर येईना, आणि आजवर काळ्या-पांढऱ्यात काम करणारी ही बाई रंगाकडे वळली. कारकिर्दीतलं सर्वात मोठं तांत्रिक वळण आईच्या लिपस्टिकमुळे आलं.

या मालिकेची दोन पुस्तकं तुमच्यासमोर येतील. सोक्यूशाचं २००२ चं ‘मदर्स’, आणि तांकोशाचं २००५ चं ‘मदर्स २०००–२००५: ट्रेसेस ऑफ द फ्यूचर’. दुसरं व्हेनिस बिएनाले या दर दोन वर्षांनी भरणाऱ्या आंतरराष्ट्रीय कलाप्रदर्शनाच्या निमित्ताने निघालं. २००५ मध्ये जपानच्या दालनात ही मालिका लागली होती, आणि कासाहारा मिचिको या त्या दालनाच्या आयुक्त, म्हणजे तिथल्या प्रदर्शनाच्या प्रमुख, होत्या. संग्राहक पहिल्यासाठी जास्त पैसे मोजतात. वाचण्यासाठी, म्हणजे मालिका पूर्ण समजण्यासाठी, मी दुसरं घ्यायला सांगेन. दोन्ही घेणं जमलं तर शेजारी ठेवून पाहा. एकाच फोटोला दोन छापखान्यांनी दिलेला लाल रंग कसा बदलतो ते पाहण्यासारखं आहे.

व्हेनिसनंतर शुएइशा या प्रकाशनसंस्थेने त्यांना हिरोशिमाला पाठवलं. २००७ मध्ये त्यांनी शांतिस्मारक संग्रहालयात काम सुरू केलं. तिथे अणुबॉम्बने मारल्या गेलेल्यांच्या सुमारे १९,००० वस्तू जपलेल्या आहेत, नातेवाइकांनी दिलेल्या. त्यातून इशिउचींनी प्रामुख्याने अंगाला लागून असलेल्या वस्तू निवडल्या: झगे, ब्लाउज, मोजे, शाळेचे गणवेश. काही कपडे खालून उजेड येणाऱ्या टेबलावर ठेवले, काही नैसर्गिक उजेडात. रंगीत फिल्म, हातातला छोटा कॅमेरा.

हिरोशिमा आपल्या मनात कृष्णधवल आहे. दोमोन केन यांचं १९५८ चं ‘हिरोशिमा’ जळालेल्या शरीरांचं आणि इस्पितळांचं आहे. त्याची ताकद कुणी नाकारू नये. त्सुचिदा हिरोमी यांनी याच संग्रहालयातल्या वस्तूंचे कृष्णधवल फोटो काढले आणि प्रत्येकाखाली ती वस्तू कुणाची, त्या सकाळी तो माणूस कुठे होता, हे लिहिलं. पुरावा म्हणून ते काम अजोड आहे. इशिउचींनी तो मजकूर काढून टाकला. नाव येतं ते वस्तू देणाऱ्याचं. उरतो तो फुलाफुलांचा झगा, त्याची बारीक हातशिलाई, गळ्याशी जोडलेलं बटण, आणि मध्येच जळून गेलेला भाग. युद्धाच्या टंचाईत आईच्या किमोनोतून मुलीसाठी बेतलेला कपडा तुमच्यासमोर येतो आणि लक्षात येतं की ज्या मुलीने तो घातला तिला तो आवडत असणार.

यावर आक्षेप घेतला गेला, की हे फोटो फार सुंदर आहेत. आक्षेप गंभीर आहे आणि तो झटकून टाकू नये. माझं मत असं: पुराव्याचे फोटो आधीपासून होते, आणि ते असल्यामुळेच हे काम करता आलं. सौंदर्य फोटोग्राफरने आणलेलं नाही, ते त्या कपड्यात बॉम्ब पडायच्या आधीपासून होतं, शिवणाऱ्या हाताने घातलेलं. ते दडवून फक्त भोकं दाखवली तर त्या मुली नुसत्या बळी ठरतात. इशिउची तिथे एकदा जाऊन थांबल्या नाहीत. संग्रहालयात नव्याने येणाऱ्या वस्तूंसाठी त्या वर्षानुवर्षं जात राहिल्या, कारण घराघरांत जपलेले कपडे म्हाताऱ्या झालेल्या बहिणी आणि भाचे आजही आणून देतात. त्या पुढच्या कामाचं ‘फ्रॉम हिरोशिमा’ २०१४ मध्ये क्यूर्यूदोने काढलं. २००८ चं पुस्तक आधी घ्या, हे नंतर.

मेक्सिकोतल्या फ्रिदा काहलो या चित्रकर्तीच्या संग्रहालयाचं बोलावणं याच कामामुळे आलं. फ्रिदा १९५४ मध्ये गेल्यावर बंद करून ठेवलेल्या तिच्या खाजगी वस्तू २००४ मध्ये बाहेर काढल्या गेल्या, आणि इशिउचींनी तिचे कॉर्सेट, बूट, कपडे, औषधांच्या बाटल्या टिपल्या. ‘फ्रिदा’ २०१३ चं. नावामुळे ते सर्वात जास्त खपतं. मला ते त्यांचं सर्वात खोल काम वाटत नाही, कारण फ्रिदाची प्रतिमा आधीच इतकी भरलेली आहे की वस्तूंना बोलायला जागा कमी उरते. त्यापेक्षा किर्यूच्या रेशमावरचं ‘सिल्कन ड्रीम्स’ (२०१२, सेइगेन्शा) बघा. त्यात जन्मगाव आहे, विणकाम आहे आणि मेइसेन नावाच्या रेशमी कापडाच्या किमोनोंचे भडक, धीट रंग आहेत.

किमतींबद्दल. जुन्या जपानी फोटोबुकांचा बाजार याद्यांनी घडवला. २००१ मध्ये अँड्र्यू रॉथ यांची १०१ पुस्तकांची यादी आली, २००४ मध्ये मार्टिन पार आणि जेरी बॅजर यांचा फोटोबुकांच्या इतिहासाचा पहिला खंड, २००९ मध्ये कानेको र्युइची आणि इव्हान वार्तानियन यांचं १९६०–७० च्या दशकांतल्या जपानी फोटोबुकांवरचं पुस्तक. कानेको हे बौद्ध मंदिराचे पुजारी आणि सुमारे २०,००० फोटोबुकांचे संग्राहक होते. त्यांच्याइतकं जाणणारा माणूस दुसरा झाला नाही. पण बाजारात वरचं मोल मिळालं ते बहुतेक पुरुषांच्या पुस्तकांना. इशिउचींना २०१४ मध्ये हासेलब्लाड हा छायाचित्रणातला मोठा आंतरराष्ट्रीय पुरस्कार मिळाला (हामाया हिरोशी आणि सुगिमोतो हिरोशी यांच्यानंतरच्या त्या तिसऱ्या जपानी), २०१५ मध्ये लॉस एंजेलिसच्या गेटी संग्रहालयात ‘पोस्टवॉर शॅडोज’ हे मोठं प्रदर्शन झालं, २०२४ मध्ये फ्रान्समधल्या आर्लच्या महोत्सवात ‘विमेन इन मोशन’ पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी अ‍ॅपर्चर या फोटोबुकांच्या अमेरिकी प्रकाशनाने १९५० च्या दशकापासूनच्या जपानी छायाचित्रकार स्त्रियांवर जाड ग्रंथ काढला. या प्रत्येक टप्प्यावर नवे ग्राहक आले. आता जुनी त्रयी स्वस्त होईल अशी वाट पाहण्यात अर्थ नाही; पण नव्वदच्या दशकातली आणि २००० नंतरची बरीच पुस्तकं अजून आवाक्यात आहेत, आणि तुमच्यासाठी खरी संधी तिथे आहे.

गेटीच्या प्रदर्शनाचा कॅटलॉग मी वर म्हटलेल्या तिसऱ्या पुस्तकासाठी उत्तम. योकोहामा कला संग्रहालयाच्या २०१७ च्या ‘ग्रेन अँड इमेज’ प्रदर्शनाचाही कॅटलॉग आहे. दोन्हींपैकी जो चांगल्या अवस्थेत मिळेल तो घ्या.

प्रत तपासायची कशी? जपानी पुस्तकाच्या शेवटी ‘ओकुझुके’ नावाचं माहितीपान असतं: छापल्याची तारीख, प्रकाशक, छापखाना. तिथे पहिल्या आवृत्तीला ‘शोहान’ म्हणतात. विक्रेत्याकडून या पानाचा स्पष्ट फोटो मागा; जो देत नाही त्याच्याकडून महाग पुस्तक घेऊ नका. मग वेष्टन, पुठ्ठ्याची पेटी असल्यास ती, आणि ‘ओबि’ म्हणजे वेष्टनाभोवतीचा कागदी पट्टा. पट्टा फाटतो, हरवतो, म्हणून तो असलेली प्रत महाग पडते. पाहणं हा तुमचा हेतू असेल तर ओबि नसलेली प्रत आनंदाने घ्या; आतल्या पानाला त्याने काहीच फरक पडत नाही. जपानी विक्रेते अवस्थेचं वर्णन प्रामाणिकपणे करतात. ‘याके’ म्हणजे उन्हाने किंवा वयाने आलेला तपकिरीपणा, ‘शिमी’ म्हणजे डाग. कण्यावरचा थोडा याके मी चालवून घेतो, फोटोंच्या पानांवरचे डाग नाही. इशिउचींच्या बाबतीत तर अजिबात नाही, कारण त्यांचा विषयच डाग, सुरकुती आणि दाणा आहे. तिथे कोणता डाग फोटोतला आणि कोणता कागदावरचा असा संभ्रम होता कामा नये.

सही असलेली प्रत मिळाली तर छान, पण केवळ सहीसाठी कमजोर प्रत उचलू नका. त्या अनेक प्रदर्शनांत सही करत आल्या आहेत.

कुठे शोधायचं: टोकियोत जिंबोचो हा जुन्या पुस्तकांचा भाग, तिथे फोटोबुकांची खास दुकानं आहेत. घरबसल्या पाहायचं तर जपानी जुन्या पुस्तकविक्रेत्यांच्या संघाचं ‘निहोन नो फुरुहोन्या’ हे संकेतस्थळ आहे. बरेच दुकानदार परदेशी पाठवत नाहीत. त्यासाठी जपानात पार्सल घेऊन पुढे पाठवणाऱ्या सेवा असतात किंवा टोकियोत राहणारा कुणी ओळखीचा. मराठी मंडळी तिथे आता बरीच आहेत, सुट्टीला येताना एक पुस्तक बॅगेत आणणं कुणालाही जड नाही, पण हातातल्या बॅगेत आणायला सांगा. टपालाने मागवत असाल तर आयात छापील पुस्तकांवर २०१९ च्या अर्थसंकल्पात ५ टक्के सीमाशुल्क लागलं होतं. मागवण्याच्या दिवशीचा दर बघून खर्च धरा, आणि पावतीवर ‘छापील पुस्तक’ असं स्वच्छ लिहायला सांगा.

पुस्तक घरी आल्यावरचा शत्रू म्हणजे पावसाळा. मुंबई, कोकण, गोवा इथे जून ते सप्टेंबर हवेतला ओलावा कागदाला सोसत नाही. चकचकीत, लेप दिलेला कागद भिजला की पानं एकमेकांना चिकटतात आणि ती सोडवताना फोटो निघून येतो. अशी पुस्तकं दुरुस्तीला आली की हातात फारसं काही राहत नाही. बाहेरच्या भिंतीला टेकलेलं कपाट नको. घट्ट बंद प्लॅस्टिक पिशवीही नको, आत ओल अडकते. वेष्टनावर पॉलिएस्टरचं पारदर्शक आवरण घाला, सेलोटेप कधीही नाही. कपाटात सिलिका जेल ठेवा आणि ते वेळोवेळी बदला, स्वस्तातला आर्द्रतामापक ठेवून आकडा ५५ टक्क्यांच्या खाली राहतो का बघा. डांबराच्या गोळ्या पुस्तकाला लागून ठेवू नका; कसर लागू नये म्हणून महिन्यातून एकदा पुस्तक उघडून पानं चाळणं जास्त उपयोगी. हातमोज्यांची गरज नाही, त्याने पानाची कड जाणवत नाही आणि ती फाटते. हात धुऊन पूर्ण कोरडे करा, एवढं पुरे.

इशिउचींसोबत आणखी कुणाला संग्रहात घ्यायचं असेल तर दोन दिशा सांगतो. मागे जायचं तर तोकिवा तोयोको, ज्यांनी १९५७ मध्ये योकोहामाच्या वेश्यावस्तीतल्या स्त्रियांवर पुस्तक काढलं, आणि १९७३ च्या ‘शिकिशिमा’च्या निशिमुरा तामिको. पुढे यायचं तर २००१ मध्ये किमुरा पुरस्कार एकत्र मिळालेल्या नागाशिमा युरिए, निनागावा मिका आणि हिरोमिक्स, आणि त्याच वर्षी ‘उतातने’, ‘हानाबी’ आणि ‘हानाको’ अशी तीन पुस्तकं एकदम काढणाऱ्या कावाउची रिंको.

हाताशी बेताची रक्कम असती तर आज माझी खरेदी अशी असती: तांकोशाचं ‘मदर्स’, शुएइशाचं ‘हिरोशिमा’, एक कॅटलॉग. पैसे उरले तर ‘योकोसुका अगेन’ किंवा ‘इनोसन्स’. मग वर्षभर ही पुस्तकं पाहा, आणि ‘१·९·४·७’ची चांगली प्रत दिसली तर विचार न करता घ्या. ‘अपार्टमेंट’ची प्रत समोर आली आणि किंमत पोटात गोळा आणणारी असली, तर ओकुझुकेचा आणि मधल्या पाच-सहा पानांचा फोटो मागवून मला पाठवा, छपाईचा काळा रंग आणि कागदाची अवस्था बघून सांगतो.